दोन घनमीटर

मोजणीदार वसुधा पेंदामने निलगिरीच्या बुंध्याचा घेर घेतला, शेंड्यावर दुर्बीण रोखून उंची पाहिली आणि लाकडाचा आकडा काढला. दोन घनमीटरला अगदी थोडं कमी. हवेपेक्षा हलक्या लाकडाची ही नवी जात दोन घनमीटर भरली की मुळांसकट आभाळात निघून जाई. म्हणून त्याआधीच तोडीची लाल खूण करायची, हीच वसुधाची नोकरी.

"बाबा, आज खूण केली नाही तर हे जाईल," ती म्हणाली.

हे झाड लावणारे तिचे वडील, झिंगुजी, खोडाला पाठ टेकून बसले होते. "एखादं तरी जाऊ दे ना वं, बाई. मी लावलेलं सगळं तुटतानाच पाहिलं."

वसुधा बराच वेळ वर पाहत राहिली. मग तिने रंगाच्या डब्याला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुक्यात, एकेक मूळ जमिनीतून अलगद सुटलं. झाड कसलीही घाई न करता वर निघालं. मुळांची ओली माती बापलेकीच्या अंगावर झिरमिरली. ती कोणीच झटकली नाही.

झिंगुजींनी हात उंचावला.

"नीट जाजो, बाप्पा."