बेडरूममधलं ऑफिस

लॉकडाऊन लागला तसं शिशिरचं मोहालीचं ऑफिस घरात आलं आणि अख्खी बेडरूम गिळून बसलं. सकाळी लागलेलं दार जेवायलाच उघडायचं. त्याचा मोबाइल मात्र लेकीच्या, आश्लेषाच्या ऑनलाइन शाळेसाठी बाहेर. त्याची बायको नेत्रा सेक्टर चौतीसमधल्या कोचिंग क्लासची केमिस्ट्री ओट्यावरूनच शिकवायची, एक डोळा स्क्रीनवर, एक कुकरवर.

आज तिचा तास ऐन रंगात असताना आश्लेषाने दुधाचं पातेलं पालथं केलं. नेत्राने दार वाजवलं. "दहा मिनिटं हिला घे रे!"

"मीटिंग चालू आहे! तुझ्या शिकवण्यांसारखं नसतं हे. अक्कल आहे की नाही?"

नेत्राच्या मस्तकात तिडीक गेली. स्वतःचा तास बुडाला तर बुडाला! तरातरा जाऊन तिने वायफायचा प्लगच उपटला आणि तो तणतणत बाहेर येईल म्हणून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मम्मा, नेट चला गया!" आश्लेषा ओरडली.

दाराआडून शिशिरचा आवाज येतच होता, "येस सर... शुअर सर... नेक्स्ट स्लाइड प्लीज."

नेत्राने बाहेरून कडी घातली.

"हळू बोल गं. बाबांची मीटिंग चालू आहे."