स्त्रातिसची हाडं

"फोतिनी, तू खाली उतरायचं नाहीस," असिमीना धाकट्या बहिणीला म्हणाली. "हे काम कालिओपीमावशीचं."

"मला जमेल गं, ताई. घरच्या माणसाचा हात लागलेला बरा."

"अंगात जीव आहे का तुझ्या? फावड्यासकट तूच आडवी होशील," कालिओपी म्हणाली आणि स्वतःच थडग्यात उतरली. गावातल्या सगळ्या मेलेल्यांची हाडं तीच काढायची.

गावची रीतच तशी होती: माणसाला पुरून पाच वर्षं झाली की थडगं उघडायचं, हाडं वाइनने धुवायची आणि पेटीत घालून चर्चशेजारच्या खोलीत ठेवायची. तिथून पुढे वाट पाहायची ती पुनरुत्थानाची. हाडं स्वच्छ, पिवळसर निघाली तर माणूस सुटला. काळी निघाली तर काहीतरी लपवून गेला.

असिमीनाला तेवढंच कळायला हवं होतं. स्त्रातिसचं बाहेर काहीतरी आहे, अशी कुजबुज तो जिवंत असतानाच तिच्या कानावर आली होती. विचारायच्या आत तो गेला. नवऱ्यासाठी रडावं की त्याच्यावर चिडावं, हे तिला अजून उमगलं नव्हतं. थडग्यावर रोज दिवा लावायची आणि लावता लावता त्याला शिव्याही घालायची.

फोतिनी मात्र कायम त्याची बाजू घ्यायची. "लोकांच्या जिभेला हाड असतं का, ताई? देवमाणूस होता तो."

अशी बहीण मिळायला नशीब लागतं. स्त्रातिस गेला तेव्हा असिमीना तापाने फणफणली होती, जगेल की नाही याची खात्री नव्हती. मयताला आंघोळ घातली फोतिनीने, कपडे चढवले फोतिनीने, रात्रभर उशाशी बसलीही तीच. वर बहीण वाचावी म्हणून कमरेपर्यंतची आपली वेणी कापली आणि आईने विणलेल्या निळ्या फितीसकट तिनोस बेटावरच्या देवमातेला वाहिली. ताप उतरला. ते उपकार असिमीना कधी विसरली नाही.

खड्ड्यातून कालिओपीने कवटी वर दिली. स्वच्छ होती, मेणासारखी पिवळी.

"घे बाई! सोनं निघालंय तुझ्या नवऱ्याचं. आता त्या चहाडखोर बायकांना आणून दाखव."

असिमीनाने ती पोटाशी धरली आणि हमसाहमशी रडायला लागली. "माफ कर रे मला. काय काय बोलले तुला!" मग ती बहिणीकडे वळली. "तूच खरी निघालीस गं."

फोतिनी थरथरत होती. असिमीनाने स्वतःची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली.

"थांबा जरा, छातीच्या हाडांखाली काहीतरी आहे," कालिओपी खालून म्हणाली.

"रुमाल असेल," फोतिनी म्हणाली. "राहू दे ना, मावशी."

"राहू दे कसं? त्याचं सगळं वर यायला हवं."

कालिओपीने माती झटकली आणि हात उंच केला. तिच्या मुठीतून एक लांब काळी वेणी लोंबत होती, आणि तिच्या टोकाला निळी फीत तशीच होती.