जोडीदार

कमांडो तुकडीतला मच्छिंद्र काश्मिरातून रजेवर पिंपळगावला आला, तो जोडीदार नेगीला घेऊनच. तुकडीत दोघादोघांची जोडी असते, एकानं दुसऱ्याचा जीव सांभाळायचा. मोहिमेचं घरी काही सांगायचं नाही, हा हुकूम त्याच्या बायकोनं, बेबीनंदानं, सोसला होता. पण आता ती डाव्या अंगाला बसून हळूच घरातलं काही विचारी, तर नवरा गप्प राही. नेगीशी मात्र हसून बोले. तिचा जळफळाट झाला. मच्छिंद्र अंघोळीला गेल्यावर तिनं नेगीला गाठलं. "भाऊजी, हे माझ्याशी काहून बोलून न्हाई राह्यले?" नेगी गडबडला. "भाभी, धमाके में इसका बायां कान गया. इसीलिए दाहिने बैठता हूं." साहेबांना कळलं तर तुकडी सुटेल, म्हणून मच्छिंद्रनं लपवलं होतं. तो आल्यावर ताटं वाढली. बेबीनंदा नेगीला म्हणाली, "सरका तिकडं," आणि नवऱ्याच्या उजव्या अंगाला बसली.