रावजींचा फळा

पिनबॉलच्याही आधीचे खेळ केतन संगणकावर हुबेहूब उतरवून जपत असे. मालगुंडच्या जत्रेत गोट्यांचा खेळ लावणाऱ्या रावजींनी म्हणूनच आपला खिळ्यांचा फळा विश्वासाने त्याच्या हाती दिला. मापं घेण्यासाठी खिळे उपटताना फळा फुटला आणि ते लाकूड न्हाणीच्या चुलीत गेलं.

केतनने सांगितलं, “रावजी, फळा मुंबईच्या संग्रहालयात ठेवलाय.”

“बरा झाला,” म्हातारा समाधानाने म्हणाला. “माज्या मागारी कोन सांभालनार व्हता त्याला?”

पावसाळ्यात रावजी गेले.

खेळ तयार झाल्यावर केतनची मुलगी मनस्वी खेळायला बसली. पडद्यावरची गोटी शून्य गुणांच्या रिकाम्या खाचेत पडणार, इतक्यात बाजूला सरकून शंभराच्या घरात गेली. पुन्हा तसंच झालं.

केतनला जत्रेतला फळा आठवला. पोर हरायला लागलं की रावजी फळ्याला खालून गुडघ्याने हळूच ढोसायचे. ते त्याने खेळात घातलंच नव्हतं.

तो स्वतः खेळायला बसला. त्याची प्रत्येक गोटी सरळ रिकाम्या खाचेत पडली.

पडलेली पेन्सिल उचलायला मनस्वी टेबलाखाली वाकली होती. तिथूनच ती म्हणाली, “बाबा, तुझा डाव आला की ते आजोबा गुडघा आखडून घेतात.”