पांढरी टोपी

“तोंडानं दे की गं पोरी! ही गोळी मागून घालायची? या टोपीची तरी लाज राख!” पांढरी कल्पाक टोपी सावरत तुर्दुबेक आजोबा कुरकुरले. दुर्बिणीनं पित्तनळीतला खडा काढून घ्यायला आले होते.

बिश्केकच्या त्या वॉर्डात नर्स सैकालचा हट्ट सगळ्यांना ठाऊक होता. नंतर स्वादुपिंड सुजू नये म्हणून ही गोळी दिल्याशिवाय ती कुणालाच आत सोडत नसे.

“माझ्या दादाला तर तू दिली होतीस ना? कागदावर आहे. तरी सुजलंच, आठवड्यात गेला. त्याचं नशीब, तुझा काय दोष!”

सैकालनं इतका वेळ टाळलेल्या त्या टोपीकडे पाहिलं.

“तेही असेच टोपी सावरत बोलले होते, आजोबा. मी लाजले, आणि न देताच ‘दिली’ असं लिहिलं.”