हँडल धरणारी

थोरली कामावरून आली तेव्हा वडिलांची खाट रिकामी होती. काठीही जागेवर नव्हती. औषधांची पिशवी तशीच हातात धरून ती न्हाणीघराकडे धावली, तेवढ्यात मागच्या अंगणातून हसणं ऐकू आलं. वडिलांचं. आजारी पडल्यापासून ते हसलेले तिने ऐकले नव्हते.

अंगणात धाकटीची सायकल उभी होती. तिला सायकल म्हणायची ती एकटी धाकटीच. दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेली, डोंगरात चालवायची, कुठल्या तरी जमान्यातली ती फ्रेम तिने भंगारवाल्याकडून जवळजवळ फुकटात उचलली होती. पुढचा फोर्क दुसऱ्या एका मेलेल्या सायकलचा, गिअर तिसरीचे, टायर मैत्रिणीने टाकून दिलेले. नवीन घ्यायची ऐपत नाही, मग जुनीच उभी करू, असं तिचं म्हणणं. दोन वर्षं घरी न फिरकलेली ही मुलगी रजा काढून आली ती बापाला बघायला, आणि आल्या आल्या हे धूड घेऊन बसली. थोरलीने तेव्हाच नाक मुरडलं होतं.

वडील बुटक्या स्टुलावर बसले होते. बाह्या सारलेल्या, कपाळावर ग्रीसचा काळा पट्टा ओढलेला. धाकटीने भडाभडा सांगायला सुरुवात केली. मागच्या शॉकचे बुश, म्हणजे सांध्यातली कडी, पार झिजून गेले होते, आणि तसले आता कुठेच मिळत नव्हते. अख्खा शॉक नवा घ्यायचा तर बाकीच्या सायकलीपेक्षा महाग. मग बाबाच म्हणाला, पितळेचे करून घेऊ. म्हणून आज दोघं बाबा पूर्वी कामाला होता त्या वर्कशॉपमध्ये जाऊन आली. तिथल्या मित्राने लेथवर बुश काढून दिले, वर चहा पाजला, सोडतच नव्हता म्हणे.

"गेलात कसे?" थोरलीने विचारलं.

"बसने," वडील म्हणाले. मान वर न करता.

थोरलीने औषधांची पिशवी पायरीवर ठेवली. आठ महिने ती त्यांना नुसतं कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत चला म्हणून विनवत होती. पायात जीव नाही, उगाच छळू नकोस, असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करायचे. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी दारातूनच परतवून लावलं होतं. त्यांची आंघोळ, पथ्यपाणी, रात्रीअपरात्रीची उठबस, सगळं तिने केलं, तोंडातून ब्र न काढता. आणि ही आली, लोखंडाचा एक सांगाडा आणला, आणि बापाला बसमध्ये चढवून फिरवून आणलं. धाकटी त्यांना 'अरे बाबा' म्हणायची, थोरली 'अहो बाबा'. एके काळी तिला त्यात आपला मोठेपणा वाटायचा.

"ताई, जरा हँडल धर," वडील म्हणाले.

काम एवढंच होतं. धाकटीने दोन्ही पाय पेडलवर ठेवून बसायचं, थोरलीने समोर उभं राहून, पुढचं चाक गुडघ्यांत आवळून हँडल धरायचं, आणि धाकटीच्या वजनाने शॉक किती दबतो ते वडिलांनी पट्टी लावून मोजायचं. त्यावरून स्प्रिंग घट्ट करायची की सैल, ते ठरणार होतं.

धाकटी बसली. शॉक अलगद दबला, जराही कुरकुरला नाही.

"बाबा, लोण्यासारखे चालतात रे तुझे बुश."

वडिलांनी पट्टी लावली, डोळे बारीक करून पाहिलं, आणि समाधानाने धाकटीच्या पोटरीवर दोनदा थोपटलं. शाळेत चांगले मार्क पडले की ते असंच पाठीवर थोपटायचे. ती पाठ नेहमी थोरलीची असायची.

हँडल सुटलं. सुटलं म्हणजे थोरलीने ते सोडलं, गुडघेही सैल केले.

सायकल कलंडली. धाकटीचा पाय पेडलवरून निघेना, आणि त्याच बाजूला धुण्याचा दगड होता. पट्टी खणकन खाली पडली. वडील उठले. काठी जमिनीवर होती ती तिथेच राहिली. एका ढांगेत पुढे येऊन त्यांनी एका हाताने धाकटीचा दंड आणि दुसऱ्या हाताने सीट पकडली. सायकल तशीच तिरकी थांबली.

धाकटी आधी घाबरली, मग हसत सुटली. बाबा, तू काठीशिवाय उभा आहेस, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. वडिलांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते थोरलीकडे पाहत होते. थोरलीने मान खाली घातली.

सायकल सरळ उभी करून त्यांनी खांद्यावरची चिंधी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"हात पूस आधी," ते हळू आवाजात म्हणाले. "ग्रीस लागलं की सुटतंच हातातून. मग पुन्हा धर."

थोरलीने चिंधी घेतली. तिच्या हातांना ग्रीस लागलंच नव्हतं. तरी ती बोटन् बोट पुसत राहिली.