खटक्याचं टोक

ऊन मी म्हणत होतं. गवत कापायची गाडी महिन्यात तिसऱ्यांदा अडली होती. इंजिन धडधडत होतं, पण तेलाच्या दाबावर फिरणारी चाकं ढिम्म हलत नव्हती. मिस्तरीने पट्टा पाहिला, तेल पाहिलं आणि चरफडत, कंबर धरून तो गाडीखाली शिरला. गाडी ढकलता यावी म्हणून चाकं इंजिनापासून मोकळी सोडणारा खटका ओढलेला होता. सगळीकडे वाळल्या गवताचा थर. खटक्याचं टोक मात्र बोटं लागून लागून चकाकत होतं. झाडाखाली माळीकाका पेडल दाबून सुजलेला गुडघा चोळत होते. नजर भिडताच त्यांनी खाली पाहिलं. "गाडी बिघडलीय की माळी?" साहेबांनी बंगल्याच्या खिडकीतून विचारलं. मिस्तरीने खटका आत ढकलला. "गाडीच, साहेब. जुनी झालीय, तापते. रोज दुपारी तासभर सावलीत उभी करायची. लिहून देतो." चिठ्ठी लिहायला तो बूट काढून काकांशेजारी टेकला.